बारा नळ्या

९ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. ओळखूनही फाडलं नसशील तर पुढे वाच. फाडलंस तरी तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. तुझ्या जागी मी असते तर न उघडताच चुलीत घातलं असतं.

तीन वर्षं आणि एक महिना झाला. 'बरी आहेस ना' विचारायला मला तोंड नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

मी नाकातले स्वॅब घेते हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तू किती हसली होतीस. लहानपणी स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं आणि आता लोकांची नाकं तपासतेस, म्हणालीस. तेच काम अजून करते. छावणीत ज्याला खोकला-ताप असेल त्याच्या नाकात काडी फिरवायची, काडी नळीत घालायची, नळी बर्फाच्या पेटीत. तीन हिवाळ्यांच्या नळ्या दवाखान्याच्या फ्रीजरमध्ये पडून होत्या. मागच्या वर्षी त्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेल्या आणि परवा तिथल्या बाई निकाल घेऊन इथे आल्या.

फाटकातून आत येणारं माणूस खोकत असेल तर तिथेच स्वॅब घ्यायचा, हा तेव्हा नियम होता. तुम्ही आलात त्या दिवशी, सहा डिसेंबरला, चिंगीचा मीच घेतला होता. नळी नंबर २१४. चार दिवसांनी माझ्या ठमीला ताप आला. तिचाही मीच घेतला. २३१.

ताई, या दोन नळ्यांत वेगवेगळा विषाणू निघालाय. दोघांचं लांबचंसुद्धा नातं नाही. चिंगीनं आणलेला खोकला ठमीला झालाच नव्हता.

तुझ्या पोरीनं काही केलं नाही.

टेकडीवर ठमीवरची माती सारखी करून माणसं अजून वळलीही नव्हती, तेव्हा मी तिच्याकडे बोट दाखवून बोलले, "हिनं माझं लेकरू खाल्लं." आठ वर्षांची होती ती. तू तिचे कान झाकलेस, पण तोवर तिनं ऐकलं होतं. आठ महिन्यांच्या बाळाची आई होते, डोकं ठिकाणावर नव्हतं, असं लोक माझ्या वतीनं म्हणाले. माझं डोकं चांगलं ठिकाणावर होतं. मला कोणाला तरी बोलायचंच होतं, आणि ती समोर उभी होती.

माफी मागत नाही. मागून ती मिळाली तर मलाच राग येईल तुझा. एवढंच कर, चिंगीला सांग. आजच सांग.

तुझी धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

तुझं अर्धं पान मिळालं. अर्धं का होईना, तुझ्या हातचं आहे. चार वेळा वाचलं.

पण चिंगीचं हे काय लिहिलंयस! घरातसुद्धा तोंडाला फडकं बांधून बसते, जेवतानाच काढते, तेही भिंतीकडे तोंड करून. वर्गात खिडकीजवळच बसते. शेजारणीचं बाळ रांगत हिच्याकडे आलं तर ही उठून पळाली आणि दिवसभर न्हाणीघरात बसून राहिली. मला वाटलं होतं पोरं विसरतात. आपण किती विसरलो सांग बरं, म्हणे पोरं विसरतात.

तू विचारतेस, कागदावरून हे कळतं कसं, का मनाची समजूत घालायला कोणी काहीही लिहितं. मलाही आधी तसंच वाटलं. पण त्या बाईंनी आम्हा स्वॅबवाल्यांना बसवून नीट सांगितलं. त्यांना आम्ही झाडवाल्या बाई म्हणतो, कारण त्यांनी भिंतीवर एक मोठ्ठं झाड चिकटवलंय, आडवं, नुसत्या फांद्याच फांद्या, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला आमच्या नळीचा नंबर.

विषाणू म्हणे स्वतःच्या नकला करत पसरतो, आणि नकला करताना मधूनच एखादं अक्षर चुकतो. ती चूक मग पुढच्या सगळ्यांत उतरते. आपल्या आजोबांची वाकडी करंगळी कशी बाबांना आली, तुला आली, चिंगीला आली. माझी सरळ, म्हणून ठमीचीही सरळ. तसंच. चुका जुळवत गेलं की कोण कोणाकडून आलं ते कळतं.

त्यात गंमत अशी, की दर हिवाळ्यात आपण म्हणायचो ना, मेला तोच खोकला परत आला? तो नसायचाच तो. पहिल्या हिवाळ्यातलं सगळं कूळ एकीकडे. ठमीच्या हिवाळ्यात पाच वेगवेगळे आले, पाचही बाहेरून. तिसऱ्या हिवाळ्यात आणखी दुसरेच. ट्रकवाले, साहेब लोक, भेटायला येणारे, आम्हीच दाखला घेऊन बाहेर जाऊन येणारे, सगळ्यांबरोबर येतो. इथलं फाटक फक्त माणसांसाठी बंद असतं.

ठमीचा कुठून आला, हे तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर काय सांगणार होते? चौदा हजार माणसं राहतात इथे. पत्र्याला पत्रा लागून खोल्या, एकानं शिंकलं की तिसऱ्या घरातला 'झाकून शिंक' म्हणून ओरडतो.

झाडवाल्या बाई मात्र ठमीच्या फांदीवर फारच खूश आहेत. तिथे आणखी बारा नळ्या आहेत. चार ते नऊ डिसेंबर, बारा घरं, सात गल्ल्या, आणि एका अक्षराचाही फरक नाही. म्हणतात, असं त्यांनी कधी पाहिलं नाही. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "जणू बाराही एकाच नाकातून काढल्यात." सगळे हसले. मीही हसले. बर्फमास्तर, म्हणजे आमचा वरचा, बर्फाच्या पेटीची किल्ली गळ्यात घालून फिरतो तो, तो तर टेबल बडवून हसला.

इथे थंडी आहे. ह्यांचा खांदा दुखतो, दारं-खिडक्या बसवायचं काम चालूच आहे. तुला पत्र लिहिते हे ह्यांना सांगितलेलं नाही. तुझं नाव घरात काढायचं नाही असं तेव्हा ठरलं होतं, ते कोणी मोडलं नाही अजून.

धाकटी


२३ फेब्रुवारी

ताई,

तिला सांगितलंस, आणि तिनं एवढंच विचारलं, "मग कोणाचा होता?" आणि तुला उत्तर देता आलं नाही म्हणून ती म्हणाली, मावशी माझी समजूत घालतेय. फडकं तसंच आहे.

शाबास. पोरगी कोणावर गेलीय ते दिसतंच आहे. लहानपणी मी खोटं बोलले की तू अशीच एक प्रश्न विचारून गप्प बसायचीस, आणि मी मुकाट्यानं खरं ओकायचे.

घे मग उत्तर. पाणीवाले आजोबा. तू पाहिलंयस त्यांना, पाठीत वाकलेले, हातगाडीवर डबे घालून गल्लीगल्लीत पाणी पोचवतात. त्या बाराही घरी त्यांचंच पाणी जायचं, आमच्याकडेही. त्यांना तेव्हा खोकला होता. झाडवाल्या बाई विचारत होत्या, या घरांत सारखं काय आहे, तर मी हेच सांगितलं आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं. झालं समाधान? सांग तिला. म्हातारं माणूस, मुद्दाम थोडंच केलं.

आता विषय पुरे. त्या हिवाळ्यात सगळ्यांचीच नाकं गळत होती. माझंही गळत होतं, धुळीनं. तुला आठवत असेल.

धाकटी


११ मार्च

ताई,

चिंगीचं पत्र आलं. तिनं तुला दाखवलं नसावं. तिकीटही तिनं वहीतलं जुनं काढून चिकटवलंय, अर्धा शिक्का मारलेलं. तरी पोचलं.

सगळं नाही सांगत, एक गोष्ट तिनं फक्त मला लिहिलीय. पण मधलं एवढं ऐक. लिहिते, "मावशी, त्या आजोबांना माहीत आहे का? कोणी सांगितलं नसेल तर सांगू नका. ते म्हातारे आहेत. त्यांना सहन होणार नाही. मला सवय आहे."

मला सवय आहे. अकरा वर्षांची पोर लिहिते.

पत्र वाचून बाहेर आले, तर गल्लीत आजोबांची हातगाडी उभी. झाडवाल्या बाईंच्या माणसांनी त्यांच्याबद्दल घरोघर चौकशी केली होती, मग काय, इथे वाऱ्याला कान आहेत. दोन घरांनी दार लावून घेतलं. तिसरीनं दारातून सांगितलं, आम्ही आमचं आणू. आजोबांना कळेना काय झालंय. भरलेले डबे तसेच घेऊन माझ्याकडे आले आणि विचारलं, "पोरी, पाण्याला वास येतोय का?"

मी डबा ठेवून घेतला.

मी खोटं लिहिलं, ताई. त्यांना त्या दिवसांत खोकला नव्हताच. सोबत बंद पाकीट आहे, चिंगीच्या नावाचं. तू उघडू नकोस. वाचून झालं की तीच तुला सांगेल. मग तुला माझं तोंड बघायचं नसेल तर तेही बरोबरच. पण मला वाचवायला म्हणून पाकीट दडवू नकोस. तू लहानपणापासून मला पाठीशी घालत आलीस, या वेळी घालू नकोस.

धाकटी


११ मार्च

चिंगे,

मोठ्या माणसांना खरं बोलायला किती पानं लागतात बघ. तुझ्या आईला तीन पत्रं लिहिली आणि तिन्हींत मुद्द्याची गोष्ट गाळली. तुला एकाच पानात सांगते.

आमचं काम तू पाहिलंस, पण सगळं नाही. प्रत्येकीला ठरवून दिलेल्या घरांतून रोज नळ्या भरून आणायच्या. काडी कोरडी निघाली की बर्फमास्तर परत पाठवायचा. नळी नुसती पाण्याची दिली तर प्रयोगशाळेला कळायचं, की यात माणसाचं काहीच नाही. त्या डिसेंबरात आया दार उघडेनात. पोर आत्ताच झोपलंय, काल रडून रडून निळं झालं होतं, हात जोडते, आज नको. मलाही त्या पोरांच्या नाकात काडी घालवत नव्हती, हे खरं. आणि दुसरंही खरं आहे. घरी ठमी दुधाची वाट बघत असायची, शेजारीण तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालायची, आणि मला लवकर घरी जायचं होतं.

तर मी काय करायचे, दाराबाहेर उभं राहून काडी स्वतःच्या नाकात फिरवायचे आणि नळीवर त्या पोराचा नंबर घालायचे. आमच्यातल्या बऱ्याच जणी अधूनमधून करायच्या. कोणाचं काय बिघडतं, म्हणायचो. पहिली नळी चार डिसेंबरला. नंबर २०८. मग आणखी अकरा, नऊ तारखेपर्यंत.

त्या झाडावरच्या बारा घरांतला विषाणू कोणत्याच घरातला नाही. बाराही वेळा नाक माझं होतं.

आता तारखा बघ, तू हिशेबात हुशार आहेस असं आई लिहायची. चार तारखेला तो माझ्या नाकात होता. तू सहा तारखेला फाटकातून आत आलीस. दहा तारखेला ठमीला ताप आला, आणि तिच्या नळीत तोच निघाला, अक्षरन् अक्षर माझा. माझं नाक गळत होतं. अशा वेळी कामावर यायचं नाही, घरात बाळ असेल तर तोंड झाकायचं, हा नियम मीच लोकांना दारोदार सांगत होते.

झाडावर माझे बाराही नंबर दिसले त्याच दिवशी मला हे कळलं. भिंतीसमोर उभी होते. घरी येऊन मी तुझ्या आईला लिहायला बसले, आणि तुला सोडवलं नि माझं लपवलं. मग तुला उत्तर हवं होतं तर आजोबांना पुढे केलं. टेकडीवर तुला केलं होतं तसंच. मला कोणीतरी लागतंच समोर.

तू लिहिलंयस, त्यांना सहन होणार नाही. तुला होत होतं का गं? आठ वर्षांच्या पोरीला सहन होईल असं मला कोणी सांगितलं होतं?

काल मी झाडवाल्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी वही मिटली. मग पेन घेऊन भिंतीवरचे माझे बारा नंबर एकेक करून खोडले. त्या बारा पोरांना तेव्हा नक्की काय झालं होतं, ते आता कधीच कळणार नाही. कोणत्या फांदीवर होती ती, कोणाला माहीत. माझं काम गेलं. किल्लीवाल्या बर्फमास्तरनं पेटी परत घेतली, या वेळी हसला नाही. आज सकाळी मी आजोबांच्या हातगाडीबरोबर घरोघर गेले आणि प्रत्येक दारात सांगितलं, की दोष पाण्याचा नव्हता, माझा होता. एकीनं ऐकून घेतलं. एक थुंकली. बाकीच्यांनी डबे मात्र घेतले.

तुझ्या काकांनाही सांगितलं. ते दाराची बिजागरी बसवत होते. हातातला खिळा तसाच धरून उभे राहिले, आणि एवढंच म्हणाले, "ताईंना कळवलंस का?" त्यानंतर आम्ही दोघं बोललेलो नाही. बोलू असं वाटत नाही.

आता तुझ्या २१४ नंबरबद्दल. हेही मी आईला लिहिलं नव्हतं, कारण हे लिहायचं तर माझ्या फांदीचंही लिहावं लागलं असतं. तुझी फांदी त्या झाडावर एकटी आहे. मी बोट ठेवून पाहिली, बाईंना पुन्हा पुन्हा विचारलं. तिला पुढे एकही फाटा नाही. तिसऱ्या हिवाळ्यातही नाही. तुझ्यासारखा दुसरा एका नळीत सापडला नाही. जेवढ्या नळ्या तपासल्या तेवढ्यांत तरी, तू खोकलीस आणि तुझा खोकला तुझ्यापाशीच संपला. फडकं काढ, बाळा. एकदम नको काढूस, आधी आईसमोर काढ.

आणि आता तू फक्त मला लिहिलंस ते. मी तोंड धुवायला नळावर गेले होते तेव्हा तू ठमीला गुपचूप उचललंस, पाच मिनिटं मांडीवर घेतलंस, आणि तिनं तुझं नाक धरलं. तीन वर्षं तू हे कोणाला सांगितलं नाहीस. तुला वाटत राहिलं, त्या पाच मिनिटांत झालं.

ऐक. तिला 'ठमी' हे नाव तू ठेवलंस, न बघताच, आईच्या पत्रातून. तिला बघायला तू दोन दिवसांचा प्रवास करून आलीस, आणि मी दारातच सांगितलं, खोकतेस तू, बाळाजवळ यायचं नाही. तू कोपऱ्यात हात मागे बांधून उभी राहायचीस. तू जवळ येऊ नयेस म्हणून मी ते चार दिवस तिला कडेवरून खाली ठेवली नाही. एरवी द्यायचे त्या शेजारणीकडेही दिली नाही, कामावरसुद्धा झोळीत बांधून नेली. जेवताना मांडीवर, झोपताना छातीशी. तिच्या तोंडाला तोंड लावून सारखी म्हणायचे, माझ्या ठमीला मी काही होऊ देणार नाही.

तेवढी पाच मिनिटंच ती माझ्यापासून लांब होती. तू आणखी थोडा वेळ घ्यायला हवं होतंस तिला.

मावशी